दोडक्याच्या वेलातली वायर

आमच्याच घरात चाललेली केबलची चोरी मी स्वतः केबलवाल्याला बोलावून दाखवली. पहिल्या खेपेला तो आला नाही, म्हणून दुसऱ्यांदा गेलो. दुसऱ्या खेपेला त्याच्या मोपेडवर मागे बसून, वळणावळणाला हात बाहेर काढत मी त्याला थेट आमच्या अंगणात आणलं. चोर कोण आहे याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नव्हती. त्या वयात मला शंका नसलेली ती एकच गोष्ट. बाकी दूधवाला पाणी घालतो की नाही, गणिताचे सर शिकवणीच्या पोरांना पेपर आधी सांगतात की नाही, गिरणीवाला आमच्या डब्यातलं पीठ मूठभर कमी करतो की नाही, या सगळ्यांवर माझी नजर असायची. मी आठवीत होतो आणि जग आपल्याला फसवायला टपलेलं आहे अशी माझी पक्की समजूत होती. ही समजूत वडिलांकडून आलेली. घरात दुसरी इस्टेट नव्हती.

रहाटणीत तेव्हा शेतं संपत आली होती आणि इमारती अजून उभ्या राहायच्या होत्या. अधल्यामधल्या काळातल्या त्या गावात तात्यांचं घर होतं. वरच्या मजल्यावर तात्या, हौसाकाकू आणि त्यांच्या सुना-लेकी, खाली भाडेकरूंसाठी बांधलेल्या खोल्या. त्यातल्या कडेच्या दोन आमच्या. सकाळी वरून भाकरी थापल्याचा थप-थप आवाज यायचा, त्यात मागच्या गोठ्यातली म्हैस मधूनच सूर मिसळायची, आणि कंपन्यांचे भोंगे एकामागून एक वाजले की आई न बघता सांगायची, अण्णा आता सायकल काढत असतील. अण्णा म्हणजे आमचे वडील. भोसरीच्या एका कंपनीत ते स्टोअरकीपर होते. नटबोल्टसुद्धा सहीशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही हे त्यांचं काम, आणि घरी आल्यावरही ते काम सुटायचं नाही. साखरेच्या डब्याकडे ते ज्या नजरेने बघायचे, ती नजर मी नंतर फक्त विमानतळावर पाहिली.

अण्णांना तत्त्व होतं. एकच होतं, पण दणकट होतं. जे घरमालकाने द्यायचं ते घरमालकानेच द्यायचं. राजगुरुनगरहून आम्ही इकडे आलो तेव्हापासून या तत्त्वापायी आमची घरं बदलत होती. दिघीची खोली जिन्यातल्या बल्बवरून सुटली. बल्ब उडाला होता आणि नवा कोणी आणायचा यावर बोलणं वाढत गेलं. काळेवाडीची खोली पाण्याच्या मोटारीवरून सुटली. घर प्रत्येक वेळी अण्णांनी सोडलं आणि सामान प्रत्येक वेळी आईने बांधलं. रहाटणीला टेम्पोतून भांडी उतरवताना आईने अण्णांना अंगणातच थांबवलं आणि आम्हा दोघा भावंडांच्या समोर सांगितलं, "वर्षाची दहावी होईपर्यंत मी या घरातून हलणार नाही. तुमचं तत्त्व हलणार असेल तर त्याने एकट्याने हलावं." वर्षाताई, माझी बहीण, तेव्हा दहावीत जाणार होती. आधीच्या घरबदलांत तिच्या दोन शाळा झाल्या होत्या आणि एका शाळेने तर तिला चुकून मागच्या इयत्तेत बसवलं होतं. आई सहसा असं ठणकावून बोलत नसे. त्यामुळे अण्णा गप्प बसले. गप्प बसलेले अण्णा जास्त धोक्याचे, हे आईलाही ठाऊक होतं आणि मलाही.

धोका पहिल्याच संध्याकाळी आला. तात्या खोल्या नीट लागल्या का बघायला खाली आले, हातात तंबाखूची डबी. लाईट-पाणी भाड्यात धरलेलं होतं. अण्णांनी टीव्हीकडे बोट दाखवलं.

"तात्या, याची वायर कधी जोडताय?"

"कसली वायर?"

"केबलची. वर तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडं माजी हाय," तात्या म्हणाले. "टीव्ही ज्याचा, वायर त्याची. मी काय तुमच्या टीव्हीत बगाया येनार हाय व्हय?"

"नळ तुम्हीच दिलाय. त्याचं पाणी प्यायला तुम्ही येता का?"

"पान्याबिगर मानूस मरतो. शिनिमाबिगर कोन मेल्यालं मी तरी बगितलं न्हाई."

"मग गच्चीवर अँटेना लावतो."

"स्लॅब गळंल."

"अँटेनाने स्लॅब गळतो?"

"आमचा गळतो," तात्या म्हणाले, आणि डबी मिटून वर गेले. जिन्यातून वरून एक शब्द खाली टाकला, "बगू."

त्या एका शब्दावर आमचा टीव्ही कितीतरी महिने झाकून होता. आईने भरतकाम केलेला रुमाल त्याच्यावर, रुमालावर प्लॅस्टिकचा हंस. वरून मालिकांचे आवाज यायचे. कोणीतरी रडतंय, कोणीतरी दार आपटतंय, मग जाहिरात. आम्ही खाली जेवताना चेहरे नसलेल्या त्या गोष्टी ऐकायचो. वर्षाताईने तर आवाजावरून सगळ्या पात्रांना नावं ठेवली होती. अण्णा म्हणायचे, मी वायर घेणं म्हणजे पुढच्या सगळ्या भाडेकरूंवर अन्याय. पुढच्या भाडेकरूंनी हे ऐकलं असतं तर त्यांना भरून आलं असतं.

आता हे लिहिताना गंमत वाटते, कारण आज मी स्वतः घरमालक आहे. मोशीला एक छोटा फ्लॅट आहे, त्यात चाकणच्या कंपनीतला एक तरुण इंजिनिअर राहतो. चांगला मुलगा. मागच्या महिन्यात त्याने फोन करून विचारलं, "काका, वायफाय तुमच्याकडून आहे ना? टीव्ही त्याच्यावरच चालतो." आणि माझ्या तोंडून विचार करायच्या आत शब्द निघाला, "बघू." बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "तुमच्या अण्णांनी ऐकायला हवं होतं." मी लगेच त्याला परत फोन लावला. पण वायफाय देतो असं नाही म्हणालो. इतका काही मी सुधारलेलो नाही. फ्रीज नीट चालतोय ना, एवढं विचारलं.

तर, एका दुपारी शाळेतून आलो आणि टीव्ही चालू होता. रुमाल घडी घालून बाजूला, हंस खिडकीत, आणि पडद्यावर रंगीत माणसं. वर्षाताई जेवणाचं ताट मांडीवर घेऊन अर्धं तोंड उघडं ठेवून बसली होती. तिने ज्याला खलनायक ठरवलं होतं तो नायकाचा काका निघाला होता. मी आईला विचारलं, वायर कुठून आली? "आली," आई म्हणाली आणि कणीक मळायला लागली. संध्याकाळी अण्णा आले, दारातच थबकले, चप्पल काढायची विसरले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, ते त्यांना प्रमोशन मिळालं तेव्हाही पसरलं नव्हतं. "बघितलंस? तत्त्वाला धरून राहिलं की समोरचा वाकतो." मात्र तात्यांकडे त्यांनी हा विषय काढला नाही. जिंकलेल्या माणसाने विषय काढायचा नसतो, असं त्यांचं मत. उलट ते तात्यांशी मऊ बोलायला लागले. तात्याही अण्णांशी मऊ बोलायला लागले. वरून मासवडीचं ताट आलं, सोबत तिखटजाळ आमटी. पुढे हुलग्याची शेंगोळी आली. अण्णा बोटं चाटत म्हणायचे, "हरलेला माणूस असा दिलदार होतो."

मला मात्र तेव्हाच काहीतरी खटकलं. तात्या दिलदार होण्यातले नव्हते. ज्या माणसाचा स्लॅब अँटेनाने गळतो, त्याचं मन एका रात्रीत कसं पाझरेल? मी नजर ठेवायला सुरुवात केली. पहिला पुरावा देवळाच्या पारावर मिळाला. तात्या तिथे आपल्या दोस्तांत बसून सांगत होते, "भाडेकरू पयल्यांदा लई तनतन करतो. आपन गप ऱ्हायाचं. मग बगा, गपगुमान आपली आपन वायर घेतो." मी पाराच्या मागे सायकलची चेन बसवत होतो. चेन पडलेली नव्हती, पण मी बसवत होतो. म्हणजे अण्णा म्हणतात वायर तात्यांनी दिली, आणि तात्या म्हणतात अण्णांनी घेतली. दोघांपैकी एक खोटं बोलतोय. अण्णा खोटं बोलत नाहीत. उरले तात्या. तर्कशास्त्रात इतका सरळ रस्ता मला पुन्हा कधी सापडला नाही.

दुसरा पुरावा आई होती. दुपारी जेवणं झाली की ती कापडी पिशवी घेऊन वर जायची. पिशवी पोटाशी धरून, पदराखाली झाकून. खाली आली की पिशवी पुन्हा झाकलेली. मी विचारलं तर म्हणायची, काकूंनी बोलावलं होतं. कशाला? सहज. माझी आई सहज कुठे जाणारी नव्हती. एकदा मी जिन्यात आडवा गेलो तर तिने पिशवी पाठीमागे घेतली. मग मला सगळं दिसलं. अण्णांच्या नकळत आईकडून केबलचे पैसे उकळले जात होते. तात्यांनी तिला धमकावलं असणार, पैसे दे नाहीतर पोरीच्या दहावीच्या तोंडावर खोली खाली कर. बिचारी घरखर्चातून काढून वर नेऊन देत असणार. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला आईची इतकी दया आली की मी दुसऱ्या दिवशी तिने वाढलेली कारल्याची भाजी न कुरकुरता खाल्ली. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तिसरा पुरावा दोडक्याच्या वेलात होता. आमच्या मोरीवरच्या झरोक्यातून काळी वायर आत येत होती. मी ती बाहेरून धरून वर बघत गेलो. रस्त्यावरच्या खांबाकडे ती जातच नव्हती. पाण्याच्या पाइपाला चिकटून, हौसाकाकूंनी लावलेल्या दोडक्याच्या वेलातून, पानांखालून लपतछपत ती तात्यांच्या खिडकीत शिरत होती. वेलाला जागोजाग सुतळीने बांधलेली. म्हणजे केबलवाल्याला तात्या एकाच घराचे पैसे देत होते आणि आईकडून दुसऱ्याचे घेऊन खिशात घालत होते. आई फसली होती, केबलवाला फसला होता. आईला मी काही सांगू शकत नव्हतो, ती घाबरलेली होती. राहिला केबलवाला.

बबन केबलवाल्याचं दुकान काळेवाडीच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये. वर मोठी ताटली, आत एकावर एक टीव्ही, सगळे बिनआवाजाचे चालू. त्यांच्यासमोर बबन खुर्चीवर पाय घेऊन बसलेला. पहिल्यांदा मी गेलो तेव्हा त्याने माझं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, "येतो रे, बघतो." आला नाही. दुसऱ्यांदा मी शब्द बदलले. म्हणालो, "एका वायरीवर दोन टीव्ही चालतायत. महिने झाले."

त्याने पाय खाली घेतले. "एका वायरीवर?"

"हो. पाइपाला बांधून, वेलातून नेलीये. मी दाखवतो."

"भावा, तू कोणाचा?"

"भाडेकरूचा."

बबनने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. आज मला वाटतं, त्या बघण्यात एक इशारा होता. त्याला सगळं तिथेच कळलं असणार. पण धंद्याचा माणूस, तो कशाला बोलेल? "बस मागे," एवढंच म्हणाला.

तो गुरुवार होता. आमच्याकडच्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे अण्णा घरी होते, बनियनवर बसून सायकलला तेल देत होते. तात्या ओट्यावर. आई आत शिवणाचा दोरा ओवत होती आणि वर्षाताई दारात भूमितीचं पुस्तक घेऊन प्रमेय पाठ करत होती. मी मोपेडवरून उतरलो आणि, आता सांगायला लाज वाटते, पण छाती पुढे काढून अंगणाच्या मधोमध उभा राहिलो.

बबनने वर बघितलं, खाली बघितलं, आणि वेलात हात घालून वायर ओढली. सुतळ्या तटातट तुटल्या. दोडक्याची पिवळी फुलं तात्यांच्या टोपीवर पडली.

"तात्या, हे काय?"

"दोडका," तात्या म्हणाले.

"दोडक्याला वायर आलीये, तात्या. तुमच्या खिडकीतून निघून खाली चाललीय."

तात्यांनी वायरीकडे बघितलं. मग वायर जिकडे जात होती तिकडे बघितलं. मग अण्णांकडे. त्यांचा चेहरा बघून मी पुढे काढलेली छाती आत घेतली. चोर पकडला गेल्यावर असा दिसत नाही. ज्याची चोरी झालीय तो असा दिसतो.

"म्हंजे अण्णा," तात्या सावकाश म्हणाले, "तुमी इतकं दिवस माज्या वायरीवर बगत व्हता?"

"तुम्ही दिलीत म्हणून बघत होतो."

"मी? मी कशापायी दीन? तुमी तुमची घेतली न्हवं?"

"मी? मी का घेईन?"

मी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होतो. इतके महिने दोघांनी आपापल्या परीने साजरा केलेला विजय एकाच वेळी मावळताना मी पाहिला. तसं दृश्य क्वचितच बघायला मिळतं, पण तेव्हा मला त्याची मजा घेता आली नाही. अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कंपनीतून सहीशिवाय वॉशर न सोडणारा माणूस, आणि त्याच्या घरात चोरून आलेलं चित्र.

"या महिनाअखेर आम्ही खोली सोडतो," अण्णा म्हणाले.

"सोडाच," तात्या म्हणाले. "उद्या सोडा."

प्रमेय थांबलं. वर्षाताईने पुस्तक छातीशी धरलं आणि आतल्या बाजूला आईकडे बघितलं. आई दारात आली, सुई अजून हातात. परीक्षेला थोडेच आठवडे राहिले होते. ती अण्णांकडे बघत नव्हती, तात्यांकडेही नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता. इतका मूर्ख मुलगा आपल्याच पोटी कसा आला, याचं साधं कुतूहल होतं.

तेवढ्यात जिन्यावरून हौसाकाकू उतरल्या. अंगावर अर्धवट शिवलेला ब्लाऊज, एका बाहीला टाचण्या लावलेल्या, दुसरी बाही अजून लागायची होती, वरून पदर घट्ट लपेटलेला. "कोन खोली सोडतंय?"

"मी सोडतोय," अण्णा म्हणाले.

"तुमी सोडा. वर्षाची आई कुटं जात न्हाई. माजी बाही ऱ्हायलीय."

"हौसा, तू आत जा," तात्या म्हणाले. "हितं चोरीचा मामला हाय."

"कसली चोरी? वायर मी दिली. एका वायरीच्या दोन करायची डबी मी पिंपरीच्या बाजारातनं आनली, ह्या हातानं जोडली. वर्षाच्या आईनं स्टूल धरलं. आन फुकट न्हाई दिली. सुनांचं, लेकींचं, माजं, सगळ्यांचं शिवान ती बगती. लेकीच्या लग्नातलं सगळं ब्लाऊज कोनी शिवलं? टेलर शिवतो व्हय असं?" मग त्या तात्यांच्या जवळ गेल्या. "आन तुमच्या सदऱ्याची कॉलर फाटली व्हती, ती उलटी करून कोनी लावली?"

तात्यांचा हात आपोआप मानेकडे गेला.

"आन अण्णा," काकू वळल्या, "मासवडी गोड लागली न्हवं? ती काय आभाळातनं पडली?"

अण्णांनी तेलाची बुधली उगाच उचलून पुन्हा खाली ठेवली. कापडी पिशवीत काय असायचं हे मला आत्ता कळत होतं. माप, कात्री, खडू. ती झाकून नेत होती तात्यांपासून नव्हे, अण्णांपासून, म्हणजे आमच्यापासून. बाईने दुसऱ्याचं शिवून केबल आणली, हे अण्णांच्या तत्त्वात कुठेच बसलं नसतं. आणि बायकोने भाडेकरणीला वायर दिली, हे तात्यांच्या. म्हणून दोघींनी दोघांनाही जिंकू दिलं होतं.

बबनला या सगळ्यात रस नव्हता. "ते तुमचं घरातलं तुम्ही बघा. दुसऱ्या पॉइंटचं कोण देणार?"

"मी," अण्णा म्हणाले.

"तुमी का? घर माजं हाय. मी दीन," तात्या म्हणाले.

"टीव्ही माझा आहे."

"भिंत माजी हाय."

"टीव्ही ज्याचा, वायर त्याची, तुम्हीच म्हणाला होता."

"आन घरमालकानं द्यायची, ह्ये तुमी म्हनाला व्हता. आता द्यू द्या की."

ज्या दोन माणसांनी न देण्यासाठी इतकं ताणलं होतं, ती आता देण्यासाठी एकमेकांच्या अंगावर जात होती. बायकांनी शिवणावर परस्पर व्यवहार मिटवला हे दोघांनाही सहन होत नव्हतं. बबन मान डोलवत दोघांचं ऐकून घेत होता. पुढे तो दर महिन्याला दोघांकडूनही, एकमेकांना कळू न देता, पैसे घेत होता असा माझा आजही दाट संशय आहे. पुरावा नाही. आणि पुरावे गोळा करण्याची हौस मला त्या गुरुवारनंतर राहिली नाही.

"कोनी बी द्या," हौसाकाकू शेवटी म्हणाल्या. "पर शिवान हाय तसं चालनार, आन पोरीची परीक्षा ह्याच घरातनं हुनार. खोली माज्या सासऱ्यानं माज्या नावानं बांधलीय, ह्येंच्या न्हाई. कोनाला सोडायची, कोनाला द्यायची, मी बगीन." तात्या ओट्यावर बसले. अण्णा सायकलपाशी बसले. वर्षाताईने पुस्तक उघडलं आणि सोडलेलं प्रमेय पुन्हा सुरू केलं.

आई माझ्यापाशी आली. "एवढा संशय आला होता तर आधी मला का नाही विचारलंस?"

"मला वाटलं, त्यांनी तुला दमात घेतलंय. म्हणजे तू... नाइलाजाने त्यांना सामील असशील."

"सामील होतेच," आई म्हणाली. "नाइलाजाने नव्हे."

हौसाकाकू वर जायला निघाल्या होत्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्या थांबल्या आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जसं बाजारात उतरलेली भाजी न्याहाळतात.

"वर्षाची आई," त्या म्हणाल्या, "तुमी समदी ऱ्हावा. ह्ये पोरगं तेवडं कुटं भाड्यानं जातंय का बगा."